हातचा

कोण कुठल्या गटातलं, मला माहीत नाही.
माहीत नसणं हीच माझी नोकरी.
दांडेकर पुलाजवळचं इस्पितळ, तिसरा मजला,
डोळ्यांवर कातडं ओढून बसायचे
महिन्याला अठ्ठावीस हजार.

समोर लाकडी पेटी, मधोमध उभी फळी,
दीडशे ठोकळे, एक मिनिट.
लकव्यानं गेलेल्या हातानं
अलीकडचे पलीकडे टाकायचे.
मी मोजते.

खाली तळमजल्यावर काही जणांना आरसा मिळतो,
चांगल्या हाताचं प्रतिबिंब दाखवून
मेंदूला पटवतात की बघ, दुसराही हलतोय.
बाकीच्यांना नुसते व्यायाम,
तेवढाच वेळ, तेवढंच गोड बोलणं.
कुणाला काय, ते पाकीट ठरवतं.

पाकिटं आधी पांढरी होती.
प्रज्योत एक पाकीट खिडकीच्या उजेडात धरून उभा दिसला.
म्हणाला, रासकरांना आरसा मिळायला हवा हो,
दोन लहान मुली आहेत त्यांना.
चांगुलपणाच होता तो,
त्याला ओरडायचं तरी काय.
ओगले मॅडमनी ते पाकीट फाडलं,
दुसऱ्या दिवशी काळ्या कागदाचे ताव आणले
आणि चहा गार होईपर्यंत
एकेका पाकिटाला आतून अस्तर लावत बसल्या.

जुलेखाबी बागवान मार्केट यार्डात लिंबं विकतात.
संमतीच्या कागदावर त्यांचा डावा अंगठा आहे,
कारण उजवा तेव्हा वळत नव्हता.
दर वेळी सांगतो, वर कुणाला काही बोलायचं नाही.
सहाव्या आठवड्यात दारातूनच म्हणाल्या,
‘पोरी, आरशानं बघ काय जादू केली!’
मी कानांवर हात ठेवेपर्यंत
ऐकून झालं होतं.

त्या दिवशी घंटा वाजली तेव्हा
एक ठोकळा हवेत होता.
बोटं फळी ओलांडून गेलेली का?
गेलेली, असं मला वाटलं.
वाटलं ते मला, की आरशाचं ऐकलेल्या कानांना?
शाळेत गणिताच्या बाई बजावायच्या,
पोरींनो, हातचा विसरू नका.
इथे सगळी शिस्त त्याच्या उलट.
फॉर्मवर एक छोटा चौकोन असतो,
‘निरीक्षकाला गट समजला’.
त्यात खूण केली.
मंगळवारी दुसऱ्या बाईंनी पुन्हा मोजलं.
माझ्यापेक्षा एक कमी.

रासकर तिसऱ्या महिन्यात आलेच नाहीत.
फोन बंद. शेवटी पेटी रिक्षात घालून
जनता वसाहतीत गेले, वर, अजून वर,
पायऱ्या मोजायच्या सोडून दिल्या.
त्यांची बायको म्हणाली, औषधपाणी फुकट, खरंय,
पण यायला-जायला दोनशे लागतात, आणि हा उतार.
असे न येणारे वगळले असते
तर आमची सरासरी किती देखणी दिसली असती!
दारातल्या उजेडात पेटी मांडली.
एक. बराच वेळ काही नाही. दोन. तीन.
चौथा बोटांत धरलेला असताना घंटा झाली.
थोरली म्हणाली, तो धरा की ताई.
तिचा बाप माझ्याकडे बघत नव्हता.
मी तीन लिहिले.
उतरताना पेटी चढतानापेक्षा जड होती,
ठोकळे तेवढेच असून.

निकाल आला. फरक असा निघाला
की एक पाय शून्याच्या इकडे, एक तिकडे.
पैसे देणाऱ्यांपैकी एक जण हळूच म्हणाले,
पकडीची ताकद बघू या का? त्यात बरं दिसतंय.
मॅडमनी दोन वर्षांपूर्वीचा नोंदणीचा कागद काढला.
‘काय मोजणार म्हणून लिहून दिलं होतं आपण?’
कुणी बोललं नाही.
‘ठोकळे,’ त्याच म्हणाल्या, आणि चष्मा पुसला.

सगळं संपल्यावर एका रविवारी
मार्केट यार्डातून लिंबं घेतली, पैसे देऊन, डझनभर.
जुलेखाबींनी उजव्या हातानं पिशवीत टाकली,
एक, दोन, मोठ्यानं मोजत.
घरी ओट्यावर ओतली.
तेरा.
परत मोजली.