रात्री एक, जेवणानंतर

सकाळी शटर वर केलं तेव्हा शेजारच्या अमृततुल्यात कळलं,
आबासाहेब गेले.
सिरियलमधले. स्वतःहून.
खरं नाव कुणालाच आठवेना,
टीव्हीवर पट्टी येईपर्यंत सगळे आबासाहेबच म्हणत राहिले.

शास्त्री रोडवर औषधाचं दुकान आहे माझं, बावीस वर्षं.
काउंटरच्या काचेवर कोपरं टेकून
लोक खोकल्याचं औषध मागतात आणि मत देतात.
मत मी बिलात धरत नाही.

"बाणेरला फ्लॅट, दोन गाड्या. काय कमी होतं हो?"
"बायको कशी आहे ते बघा आधी."
"आमच्या वेळी कुठं होतं डिप्रेशन? कामं होती."
"रोज वीस मिनिटं प्राणायाम केला असता तर..."
एक बाई बीपीच्या गोळ्यांचे पैसे मोजता मोजता रडल्या,
खरंच रडल्या,
आणि पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "पण भित्रा निघाला."

खळदकर सरांचा आवाज सगळ्यांत मोठा.
गणित शिकवायचे, अजून फळ्यासमोर असल्यासारखे बोलतात.
"मन खंबीर पाहिजे. बास."
मी मान हलवली.
दर सात तारखेला सर भर दुपारी येतात, दुकान रिकामं बघून,
चिठ्ठीला चार घड्या.
"हिच्यासाठी," म्हणतात.
चिठ्ठीवर नाव सरांचं असतं.

बिबवेवाडीहून एक जण येतो, दोन बस बदलून.
त्याच्या घराखाली तीन मेडिकल आहेत.
"तिथं सगळे ओळखतात."
त्याला खाकी पाकीट लागतं, त्यावर आणखी एक खाकी पाकीट.
पूर्वी पॅड आम्ही असे बांधून द्यायचो, पेपरात, मग काळ्या पिशवीत.
आता पोरी ते तसेच हातात धरून
स्कूटरवर बसतात.

शाळेत कुणी वेगळं वागलं की आम्ही म्हणायचो,
याला येरवड्याला पाठवा रे.
माझी मावशी तिथं सात महिने होती.
पाहुणे आले की ती नागपूरला असायची.
मीही सांगायचो, नागपूरला.
परत आली तेव्हा शेजारणीनं विचारलं,
"संत्री नाही आणलीस?"
आई त्याच संध्याकाळी मंडईत गेली,
चार डझन संत्री आणली
आणि घरोघर वाटली.
मावशी सोलत बसली होती, एकेक शीर काढून, कुणालाच न देता.

तिसऱ्या दिवशी सात तारीख.
पाकिटं संपली होती, कालचा पेपर फाडला.
सरांच्या पट्ट्या ठेवल्या नेमक्या त्याच्या फोटोवर,
फेट्यातला, हसणारा.
"दुसरा कागद नाही का?"
होता. क्रिकेटचा. त्यात बांधून दिल्या.
पायरी उतरताना सर पाठमोरेच म्हणाले,
"काम मात्र चांगलं करायचा हो."

रात्री पावणेअकरा, शटर अर्धं खाली.
वाकून एक पोरगा आत आला.
परीक्षेचा तिसरा प्रयत्न, कॉटबेसिसवरची खोली,
ससूनचा केसपेपर घामानं मऊ झालेला.
"बिलावर नाव टाकावं लागतं?"
"हो."
"गावाकडं कळत नाही ना?"
"नाही."
"यानं डोकं जड होतं का? राज्यघटना राहिलीय माझी."
काय सांगणार होतो मी?
बावीस वर्षांत मला एक्सपायरी वाचता येते, एवढंच.
पट्टीवर मार्करनं लिहिलं: रात्री एक, जेवणानंतर.
लिहिता लिहिता विचारलं, "जेवलास?"
"मेस बंद आहे आज."

माझ्या डब्यात दोन पोळ्या उरल्या होत्या, थोडी गवार.
काचेवरच उघडला, स्टूल पुढं केलं.
त्यानं एक घास खाल्ला,
मग भाजी बाजूला सारली.
"गवार मला अजिबात आवडत नाही काका,"
म्हणाला, सरळ माझ्याकडं बघून.

मला इतकं बरं वाटलं.