जुळणी

तुम्ही चरित्र लिहिताय म्हणे. बसा.
खुर्चीवरचं मांजर उठणार नाही, त्या ट्रंकेवर बसा.
अभिनयातलं मला काही कळत नाही, आधीच सांगते.
माझं काम जुळणीचं.
पहिल्या शॉटमध्ये सिगारेट डाव्या हातात असेल
तर जेवणाच्या सुट्टीनंतरही डाव्याच हातात हवी,
तेवढीच जळलेली, राख तेवढीच लांब.
एकतीस वर्षं मी हेच बघत आले:
तासापूर्वी होता तोच माणूस आता आहे की नाही.

एड्रियन व्हेल हे नाव स्टुडिओनं दिलं,
एका मंगळवारी, तीन पर्यायांतून.
त्याआधी तो जोसाया थ्रेलकेल्ड होता,
व्हाइटहेवनच्या कोळसा खाणीतल्या माणसाचा धाकटा.
उच्चार सुधारायला एक बाई यायच्या,
त्याला दातांत पेन्सिल धरून बोलायला लावायच्या.
सहा महिन्यांत त्याची बोली गेली.
दातांचे व्रण उमटलेल्या त्या पेन्सिली
पुढं कितीतरी दिवस मी वापरत होते.

आई एकदा आली, स्टुडिओच्या फाटकापर्यंत.
रात्रभराचा रेल्वेप्रवास, मांडीवर पत्र्याचा डबा.
कोण हवंय, पहारेकऱ्यानं विचारलं.
तिनं घरातलं नाव सांगितलं.
असं इथं कुणी नाही, तो म्हणाला,
आणि तो काही खोटं बोलला नाही.
डबा तेवढा ठेवून गेली.
आल्याचा केक होता. लाइटवाल्यांनी संपवला.
एक तुकडा मीही खाल्ला.
हे लिहू नका.
नाही, लिहा.

पडद्यावरची दारू म्हणजे गार झालेला चहा.
ग्लासात किती, ते मी बोटं लावून मोजायचे. दोन बोटं.
त्या वकिलाच्या पिक्चरमध्ये, सतराव्या टेकला,
मी ग्लास पुन्हा भरायला उचलला
आणि वास चहाचा नव्हता.
त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी वहीकडं.
वहीत लिहिलं: ग्लास उजवीकडं, दोन बोटं.
यात खोटं काय होतं?
तुम्हाला नाही विचारत.

पुढचं तुमच्या कात्रणांत असेलच.
घोड्यांवर उधळलेले पैसे, थकलेला कर,
दुसरी बायको, तिनं खिडकीतून फेकलेले सूट,
आणि दिग्दर्शकाच्या जबड्यावरचा तो ठोसा.
पेपरांनी उजवा हात छापलाय. चूक आहे.
डावा होता. दुरुस्त करून घ्या.

मग फोन यायचे थांबले.
रश्श्याच्या पुडीची एक जाहिरात,
नाताळात ब्लॅकपूलला मुलांच्या नाटकात दुष्ट जादूगार.
मुलं हुर्यो करायची, तो कमरेत वाकायचा.
मला म्हणाला, बघ, अजून ओळखतात.

शेवटचं काम टीव्हीवरचं. शवागारातलं प्रेत.
संवाद नाहीत, दिवसाचे पैसे रोख.
टेबलावर निजला आणि हात थरथरू लागला.
प्रेत हलतंय, वरून कुणीतरी ओरडलं.
सगळे हसले. तोही हसला, डोळे मिटूनच.
दुसऱ्यांदा हात. तिसऱ्यांदा हात.
मग मी पुढं झाले आणि तो हात
चादरीखाली घेतला, चादर कडेनं खोचली.
आधीच्या शॉटमध्ये तो बाहेर होता.
मला माहीत होतं.
वहीत त्या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही.

भाग दाखवला तेव्हा तसाच गेला:
हात बाहेर, मग आत, मग पुन्हा बाहेर.
महिन्याभरात डडलीहून पत्र आलं, कुणा निवृत्त मास्तरांचं.
आपल्या कार्यक्रमात अक्षम्य चूक आहे, वगैरे.
तोवर तो होव्हच्या भाड्याच्या खोलीत वारला होता,
घरमालकिणीला दोन दिवस पत्ता नव्हता.

पत्र आहे माझ्याकडं, तुम्ही बसलात त्या ट्रंकेत.
त्याच्या हाताकडं इतकं निरखून
त्या वर्षी दुसरं कोण पाहत होतं?
उठा जरा. दाखवते.