आठवी ओळ

आमच्या तालमीच्या फळ्यावर सात ओळी मावायच्या.
आठवी लिहायची तर हिंदुराव सासनेंना
खाली बसावं लागायचं,
आणि गुडघे तर त्यांचे कधीच
आखाड्याच्या तांबड्या मातीनं खाल्लेले.
म्हणून बातमी सातातच.

'उद्या पाणी नाही.'
'दुःखद निधन : गजराबाई भुर्के. सकाळी आठ, पंचगंगा.'
'आपला संघ दोन, ते एक. नाद करायचा नाही.'

गंगावेशीत धारोष्ण प्यायला निघालेली माणसं
सायकलवरून एक पाय टेकून वाचायची,
आणि उरलेली बातमी
दुधाच्या कट्ट्यावर, मिशीला फेस लावून,
आपली आपणच रचायची.

मग मी तालमीचं खातं उघडलं.
एकशे चाळीस अक्षरं, वर एक नाही.
काका म्हणाले, "म्हंजे आमचा फळाच की रे,
खिशात घातलेला."
होय म्हटलं, पण मोजणारं यंत्र परमुलखातलं.
त्याला काना वेगळा, वेलांटी वेगळी,
'क्ष'ला तीन घरं लागतात.
'श्रद्धांजली' एकटीच अकरा खाते,
मग मेलेल्याचं नाव आखडावं लागतं.
काका थुंकीनं बोटावरचा खडू पुसत म्हणाले,
"मेल्यावर तरी माणसाचं पुरतं नाव लिवा रे."

पेठ आखूड बोलायला लागली.
मॅचच्या दिवशी पूर्वी चपला उडायच्या,
आता अंगठे उडायला लागले.
रात्री दोनला कुणीतरी दुबईतून टोमणा हाणायचा
आणि सकाळी शिवाजी पेठेतला एक सख्खा मावसभाऊ
दुसऱ्याशी बोलायचा बंद व्हायचा.

एकदा तरन्नुम बागवाननं लिहिलं.
कॉलेजची पोर, बापाचा केळीचा गाडा.
'तालमीच्या फळ्यावर आजवर
एकाही बाईचं अक्षर उमटलेलं नाही.
आमचं फक्त निधन तेवढं लागतं.'
बास, एवढंच.
सहाशे बारा जणांनी ते पुढं नेलं.
काही जणांनी तिला जे लिहिलं
ते मी इथं लिहीत नाही.

काकांना वाचून दाखवलं. चष्मा काढला,
परत घातला, बोलले काहीच नाहीत.
दुसऱ्या दिवशी खडूचा डबा
वरच्या खुंटीवरून खाली आला होता,
कुणाच्याही हाताला लागेल असा.
महिनाभर कुणी हात लावला नाही.

आणि तो गुरुवार.
'हिंदुराव गेले.' दोन शब्द.
कागलचा कुणी दुसरा हिंदुराव होता म्हणे, खरं-खोटं देव जाणे.
चहाला उकळी येईतो शंभर जणांनी हात जोडले.
मीही पुढं ढकललं.
मान वर करून बघितलं असतं तर
समोर सलूनमध्ये काका बसलेले होते,
अर्ध्या गालाला साबण.

तसेच उठून आले. ओल्या फडक्यानं फळा पुसला,
लिहिलं : 'हिंदुराव सासने आहेत. दाढी चालू आहे.'
मी फोटो काढून टाकला.
मरण नऊशे जणांनी पुढं नेलं होतं.
दाढी चाळीस जणांनी.

"ते तुझं पुसायचं कशानं?" काकांनी विचारलं.
मी पुसलंय म्हटलं, पण लोकांनी फोटो काढून ठेवलेत.
ते बराच वेळ हातातलं फडकं पिळत राहिले.

दोन पावसाळ्यांनी ते खरंच गेले.
तोवर यंत्रानं जागा दुप्पट केली होती,
नाव आखडायची गरज नव्हती.
तरी माझ्या निरोपाखाली एकच प्रश्न, रांगेनं :
'खरं का?' 'बघितलंस का?' 'परत दाढी न्हवं ना?'

माणसं फळ्याकडं चालत आली.
तरन्नुम लिहीत होती.
हिंदुराव, मग बापाचं नाव, मग आईचंही,
सगळे काने, सगळ्या वेलांट्या.
सात ओळी भरल्या
तशी ती रस्त्यावरच गुडघे टेकून बसली.

आठवी ओळ इतक्या खाली होती
की सायकलवाल्यांना उतरावं लागलं.