खोटी खिडकी

जांबोटीच्या रस्त्याला, जांभ्याच्या टेकाडावर
हॅलम साहेबानं बंगला बांधला तेव्हा
डाव्या अंगाला पाच खिडक्या आल्या, उजव्या अंगाला चार.
तिथं आतनं जिना चढत होता, खिडकीचं काम नव्हतं.
पण साहेबाला घराचे दोन्ही खांदे सारखे हवेत.
म्हणून आमच्या खापरपणजोबानं
चिऱ्याच्या भिंतीवरच चौकट ठोकली,
झडपा लावल्या, बिजागऱ्यांना तेल घातलं.
झडपा उघडल्या की मागं दगड.

मजुरी मात्र पुऱ्या खिडकीची मिळाली, असं घरात सांगत.

साहेब तीन वर्षांत तापानं गेला.
मग मडमेचा भाचा, मग निपाणीचा कोण तंबाखूवाला,
मग सरकार.
सरकारनं मराठीत पाटी रंगवली, मग तिच्यावर कानडीत;
ओल धरली की खालचं ‘विश्राम’ वर यायचं.
बटलर इनास तेवढा राहिला, मग त्याचा पोरगा,
मग नातू पेद्रू.
सकाळी सगळ्या झडपा उघडायच्या, दिवेलागणीला लावायच्या,
त्या खोट्या खिडकीच्याही.

शहाऐंशी साली लिलाव.
‘ओंदु... एरडु...’ माणूस मोजायचा
आणि आण्णा मराठीत हात वर करायचे.
जिना गेला खानापूरच्या कौलभट्टीवाल्याकडं.
त्याच्या घराला वरचा मजला अजून नाही, जिना आहे.
शेकोटीचा संगमरवर कॅम्पातल्या बेकरीत, त्यावर पाव थापतात.
खांबांची खडी झाली.
दारावरची अर्ध्या चंद्राची काच आण्णांना, साडेतीनशेला.
‘हे काय खूळ आणलंय की,’ आई म्हणाली.
शेरडांच्या खोपटाला ती बसली.
रोज सकाळी शेरडांच्या पाठीवर
उन्हाचा पंखा उघडतो.

खोट्या खिडकीवर कुणी बोली लावली नाही.
‘मागं काय नाहीच की तिच्या,’ बसलिंगप्पा कंत्राटदार.

शेवटच्या दिवशी एवढीच भिंत उरली.
पहारीनं चिरे आधी निखळले, आतल्या बाजूला पडले,
सागवानी चौकट तशीच.
दीडशे वर्षांनी
तिच्यात काजूची झाडं आली,
एक म्हैस, तिच्यामागं डोंगर.
मजूरसुद्धा थांबले.

पेद्रू पुढं झाला.
आम्हाला वाटलं, बघायला.
त्यानं दोन्ही झडपा ओढून घेतल्या, कडी घातली.
दिवेलागण झाली होती.