शेऱ्याचा रकाना

व्हॅनमधली पुढची जागा माझी.
असं कुठे लिहिलेलं नाही,
पण गुलजमान ती पुसून ठेवतो,
एसीची जाळी आधीच माझ्याकडे वळवतो,
आणि मागे पाच जणं, गुडघ्यांवर बॅगा घेऊन,
कॅप्टन काही बोलतात का याची वाट बघत
गप्प बसतात.

चार पट्टे. सतरा हजार दोनशे तास.
हे केस काही उन्हानं पिकलेले नाहीत, मी म्हणायचो.
म्हणायचो कुठे, तर शारजात,
जिथे ऊन खजूर पिकवतं, माणसं पिकवतं,
दुसरं काही करतच नाही.

हमद अल-बलुशी. सोहारचा. वय सव्वीस,
तास नऊशे चाळीस.
त्याच्या चहात साखर किती, मला ठाऊक नाही.
माझ्या चहात नसते, हे त्याला
पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

धुळ्याच्या क्लबात मी शिकलो. पुढे कॅप्टन मिस्त्री
चेकलिस्टची सुरळी करून बोटांवर मारायचे.
एकदा राजकोटला उतरताना
त्यांनी उंची चुकीची लावली.
मला दिसलं. मी आवंढा गिळला.
काही झालं नाही.
त्या काही-न-होण्यालाच
मी पुढे तीस वर्षं अनुभव म्हणत आलो.

डिसेंबर. कोळिकोडहून परतीची रात्र.
मागे एकशे बासष्ट माणसं, रजा संपलेली,
डोक्यावर केळ्याच्या वेफर्सचे खोके.
पहाटे खाली धुकं असं
की उंच इमारती नुसत्या माथ्यांनी उभ्या,
दुधात बुडवून काढायच्या राहिलेल्या बिस्किटांसारख्या.
धावपट्टी मात्र वरून स्वच्छ,
दिव्यांच्या दोन ओळी, आरपार.
सातशे फुटांवर टॉवर म्हणाला, व्हिजिबिलिटी घसरलीय.
हमदनं आकडा पुन्हा वाचला.
मी म्हटलं, मला दिसतंय.

खोटं नव्हतं ते.
वरून सरळ खाली बघताना धुकं पातळच असतं.
उतरताना तिरकं बघावं लागतं,
आणि तिरकी वाट लांब असते.
हे मी शिकवलंय. वर्गात. फळ्यावर रेघ मारून.

'गो अराउंड, कॅप्टन.'
'थांब.'
दिवे एकेक करून विझले.
नाही, विझले नाहीत. पुसले गेले.
'गो अराउंड.'
या वेळी त्यात कॅप्टन नव्हता.
आणि त्याचा डावा हात
थ्रॉटलवरच्या माझ्या हातामागे येऊन थांबलेला.
शिवला नाही. ऊब लागली फक्त.

हात माझाच पुढे गेला. विमान वर आलं.
पूर्वेला जेमतेम तांबडं.
मागे एक बाळ रडायला लागलं.
मी घोषणा केली, रोजच्याच आवाजात:
हवामानामुळे.
हवामानामुळे!

मग एक्केचाळीस मिनिटं घिरट्या. धुकं फाटलं.
दुसऱ्यांदाही मीच उतरवलं.
घे, तू उतरव, म्हणता आलं असतं.

व्हॅनमध्ये पुढेच बसलो. सवय.
आरशात हमद, खिडकीला डोकं टेकून झोपलेला,
की झोपल्यासारखा. त्या वयात मीही
मिस्त्रींच्या मागे असाच झोपायचो.
'साब, आज देर?' गुलजमाननं विचारलं.
मी उत्तर न देता
एसीची जाळी मागच्यांकडे वळवली.
डिसेंबरची सकाळ. कुडकुडले असतील सगळे.
कुणी काही बोललं नाही.

घरी लॉगबुक काढलं.
कोळिकोड ते शारजा, चार तास सव्वीस.
ती एक्केचाळीस मिनिटंही त्यातच,
अनुभवात जमा.
शेजारी शेऱ्याचा रकाना.
पेनाचं टोपण काढून बराच वेळ बसलो.
त्यानंही आज एवढीच मिनिटं लिहिली असतील.
शेजारी काय लिहिलं,
ते मला विचारता येत नाही.