अपूर्ण

कोड पुसायला एक बटण लागतं.
दाबलं की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा जातो,
गिऱ्हाईक खूश, हातात पाचशेची नोट,
गाडी गेटाबाहेर.
दत्तवाडीत हे रोज होतं. मीही केलंय.

पण स्कॅनरमध्ये आणखी एक पान असतं,
सहसा कोणी उघडत नाही.
गाडी स्वतःच्याच परीक्षा घेते, त्यांची यादी:
मिसफायर, इंधन, ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर,
कॅटॅलिटिक, इव्हॅप.
कोड पुसला की ही पाटीही कोरी,
बहुतेकांपुढे एकच शब्द: अपूर्ण.
नापास नव्हे.
अजून विचारलंच नाहीये कोणी.

चौबळबाईंना मी हे सांगितलं, कारण त्या विचारतात.
सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
कानाला हेडफोन लावून बसलेल्या.
डोळ्यांच्या मधोमध आता राखाडी ठिपका,
कडेकडेनं दिसेल तेवढंच.
गाडी नाशिकच्या भाचीला द्यायचीय.
"नुसता दिवा विझवून देऊ नकोस, मुबारक.
पोरगी घाटातनं जाणार."

म्हणून सेन्सर बदलला, आणि पहाटे सव्वापाच.
गाडी रात्रभर पार्किंगमध्ये गार पडलेली.
तशीच लागते.
सेल मारला. अडीच मिनिटं जागेवर,
एसी नाही, रेज नाही.
बाई डावीकडे, पर्स मांडीवर,
तेरा वर्षांत पहिल्यांदा या गाडीत त्या बाजूला.
बेल्ट शोधताना हात उजव्या खांद्याकडे गेला.

हीटर पूर्ण.
मी मोठ्यानं वाचलं.
"हं," त्या म्हणाल्या, "पुढं."

सिंहगड रोड, नवले पूल, मग हायवे.
ऐंशीवर काटा धरायचा, दहा मिनिटं,
पाय हलवायचा नाही,
पुण्यात.
वारज्याला झेंडूच्या पोत्यांचा टेम्पो आडवा आला,
ब्रेक लागला, पुन्हा पहिल्यापासून.
मी शिवी गिळली.
बाईंनी गिळली नाही.

सूसची खिंड गेली आणि रस्ता मोकळा झाला.
त्या गप्प. मान जराशी तिरकी,
लाइनवर कोणी अजून बोलतंय का, ऐकावं तशी.
बराच वेळ.
"सोड पाय."
मी सोडला. गिअर तसाच, ब्रेक नाही,
ऐंशी, सत्तर, पंचावन्न,
मागं ट्रकचा हॉर्न बोंबलतोय
आणि आम्ही आपले ओघळत चाललोय.
सेन्सर पूर्ण. कॅटॅलिटिक पूर्ण.
"कसं कळलं?"
"आवाज बसला होता.
नवी ट्रंक लाइन बसायची, तसा."

रावेतला टपरीवर चहा.
एकच राहिलंय म्हटलं, इव्हॅप,
टाकीतल्या वाफेची परीक्षा. सुरूच होत नाही.
मग माझं लक्ष पेट्रोलच्या काट्याकडे गेलं.
"बाई, टाकी कुणी भरली?"
"मी. काल संध्याकाळी, वॉचमनला पाठवून."
"फुल्ल?"
"मग? लेक निघाली की ओटी रिकामी ठेवतात?"

सांगितलं: वाफेला जागा लागते,
टाकी अर्धीमुर्धी हवी,
नाहीतर ती परीक्षेला बसतच नाही.
"पाइप लावून काढतो दहा-बारा लिटर, पाच मिनिटांचं काम."
त्यांनी माझ्याकडे बघितलं,
म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला.
"भरलेलं काढायचं नसतं."

कपातला शेवटचा घोट त्यांनी बराच वेळ पुरवला.
"हा रस्ता मुंबईचा ना?"
"हो, जुना हायवे."
"लोणावळ्याला जाऊन येऊन किती जळेल?"
"सात-आठ लिटर. त्यात भागायचं नाही."
"मग खोपोली."
"गॅरेज उघडायचंय, बाई."
"दहाला उघडतोस तू. मला माहितेय."

चहाचे पैसे त्यांनीच दिले, नाणी बोटांनी ओळखून.
दार स्वतः उघडलं.
पर्स मागच्या सीटवर टाकली.
बेल्टसाठी हात पुन्हा उजव्या खांद्याकडेच गेला.
"आणि घाटात उगाच चौथा टाकू नकोस," म्हणाल्या,
"तिला आवडत नाही."