लोणा

दर्यापूरच्या अलीकडे, फाट्यावर, गुणवंतच्या सलूनमध्ये
मागच्या भिंतीवर समुद्र पाहिजे होता.
"सूर्य बुडताना काढ," तो म्हणाला,
"गिऱ्हाइकाले थंडं वाटलं पाह्यजे."

मी ट्रॉल्या रंगवणारा माणूस.
मोर जमतो, गुलाब जमतो.
समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर,
त्याचंही खालचं अर्धं पाणी
तारखांनी झाकलेलं.

म्हणून संध्याकाळी पूर्णेकडे निघालो.
नांगरटी पडलेली काळी जमीन, थेट आभाळाला टेकलेली,
ढेकळांच्या लाटा, एकही हलेना,
आणि धुळीत कडा विरघळलेला सूर्य
हळदीतून कुंकवात उतरताना.
डोळे मिटले, तेवढं घेऊन परत आलो.

डिस्टेंपर कालवला गुणवंतच्याच बोअरच्या पाण्यात,
ज्यात डाळ शिजत नाही,
साबणाला फेस येत नाही.

पहिला सूर्य पुसला.
"हे तं संत्रं हाय," बाकावरचा म्हातारा बोलला.
दुसरा बरा झाला.
धुकं चिंधीने घासून आणलं.
क्षितिज मात्र शेताचंच राहिलं, सरळ, बांधासारखं.
किनाऱ्यावर फेस काही केल्या जमेना.
तिथे भिंत तशीच सोडली.

दिवाळीच्या आत दाढीला गेलो
तर खाली, नेमक्या त्या जागी,
लोणा फुटलेला,
पांढरा, भुसभुशीत, वेडावाकडा,
आरशातून पाहिलं तर माझ्याकडेच सरकणारा.

"खरवडू काय?" गुणवंतने विचारलं.
मी बोट लावलं, जिभेवर ठेवलं.
खारट.
"राहू दे," म्हटलं,
"आन् मिशी जराशी बारीक कर."